व्यापारी संकुलात दवाखाना काढण्याआधी जागेच्या वापराचे नियम कसे तपासावेत

गाळा पाहायला आलेल्या डॉक्टरला जागामालक सहसा तीन कागद दाखवतो: बिगरनिवासी दराने भरलेल्या मालमत्ता कराची पावती, व्यापारी जोडणीचे वीजबिल आणि आधीच्या भाडेकरूचा करारनामा. हे तिन्ही कागद खरे असतात, आणि त्या जागेत दवाखाना चालवता येईल की नाही हे तिन्हींपैकी एकातूनही कळत नाही. कर विभाग प्रत्यक्ष चालू असलेल्या वापरावर आकारणी करतो. तो वापर मंजूर आहे का, हे पाहण्याचे काम नगररचना आणि बांधकाम परवानगी विभागाचे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मध्ये बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती आकारण्याची तरतूद आहे, आणि ही शास्ती भरली म्हणून ते बांधकाम नियमित झाले असे मानता येणार नाही, हेही त्याच कलमात सांगितलेले आहे. तेव्हा कराची पावती ही कर भरल्याची पावती आहे, एवढेच समजावे.

महाराष्ट्रातील शहरांत दवाखान्यासाठी गाळा भाड्याने किंवा विकत घेऊ पाहणाऱ्यांनी ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी, कोणत्या कार्यालयात काय मागावे आणि कोणता कागद कशासाठी वाचावा, ते पुढे मांडले आहे. येथे क्रमाला महत्त्व आहे. अनामत रक्कम देऊन, सुतारकाम सुरू करून मग विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा महाग पडते.

आधी नियमावली कोणती ते ठरवावे

राज्यातील बहुतेक महानगरपालिका, नगरपरिषदा आणि प्रादेशिक योजनांच्या क्षेत्रांना डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. वास्तुविशारद आणि पालिकेतील अभियंते तिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून यूडीसीपीआर म्हणतात. बृहन्मुंबई मात्र तिच्या बाहेर आहे. तेथे २०१८ पासून अमलात आलेली विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ चालते. औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, नवी मुंबई विमानतळाभोवतीचे नैना क्षेत्र, थंड हवेच्या ठिकाणांच्या नगरपरिषदा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेली क्षेत्रे आणि लोणावळा यांनाही एकत्रीकृत नियमावलीतून वगळलेले आहे. म्हणून एका शहरात दवाखाना उघडलेल्या मित्राचा अनुभव दुसऱ्या शहरात जसाच्या तसा लागू करू नये. जागा औद्योगिक वसाहतीच्या हद्दीतील व्यापारी भूखंडावर असेल, तर महापालिकेच्या खिडकीवर उभे राहून काहीच हाती लागणार नाही, कारण तेथे नियोजन प्राधिकरणच वेगळे असते.

नियमावल्या वेगळ्या असल्या तरी मूळ कायदा एकच आहे, तो म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्यातील ‘विकास’ या शब्दाची व्याख्या पहिल्यांदाच वाचणाऱ्याला चकित करते. कलम २(७) प्रमाणे विकास म्हणजे केवळ बांधकाम नव्हे. जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदल हाही विकासच आहे. एक वीटही न हलवता केवळ वापर बदलला, तरी कलम ४३ आणि ४४ प्रमाणे नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागू शकते. ‘आम्ही तोडफोड काही केलीच नाही’ हा बचाव त्यामुळेच टिकत नाही.

झोन दाखला आणि भाग नकाशा

आता प्रत्यक्ष जागेकडे वळू. गाळा ज्या भूखंडावर आहे त्याचा नगर भूमापन क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक मिळकत पत्रिकेवरून अथवा सातबारावरून घ्यावा आणि नगररचना विभागाकडे झोन दाखला व विकास योजनेचा भाग नकाशा यांसाठी अर्ज करावा. मुंबईत याच प्रकारच्या कागदाला विकास योजना अभिप्राय म्हणतात. भाग नकाशावर वाणिज्य विभाग सहसा निळ्या आणि रहिवास विभाग पिवळ्या रंगात दाखवलेला असतो. वाणिज्य विभागात दवाखान्याचा वापर सर्वसाधारणपणे अनुज्ञेय असतो, त्यामुळे बरेच जण निळा रंग पाहून समाधानाने परत येतात. रंग पाहायला अर्धे मिनिट लागते. खरा वेळ त्या रंगावर काढलेल्या रेषा पाहण्यात घालवावा.

पहिली रेषा आरक्षणाची. वाणिज्य विभागातील भूखंडावरही उद्यान, शाळा, वाहनतळ अशा सार्वजनिक प्रयोजनाचे आरक्षण असू शकते. दुसरी रेषा रस्तारुंदीकरणाची. विकास योजनेतील रुंदीकरणाखेरीज महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली सार्वजनिक रस्त्याची नियमित रेषा ठरवता येते, आणि ती रेषा गाळ्याच्या दर्शनी भागातून गेलेली असेल, तर आज ज्या काचेमागे स्वागतकक्ष बसवायचा आहे तो भाग उद्या रस्त्यात जाऊ शकतो. झोन दाखल्यात हे नेहमीच लिहिलेले नसते, म्हणून अर्जातच ‘आरक्षण, रस्तारुंदीकरण आणि नियमित रेषा यांच्या तपशिलासह’ असे शब्द घालावेत. रस्त्याची मंजूर रुंदीही त्याच वेळी विचारून घ्यावी, कारण कोणता वापर चालेल आणि किती चालेल याची पुष्कळशी गणिते रस्त्याच्या रुंदीशी बांधलेली आहेत. समोरचा रस्ता डोळ्यांना रुंद दिसतो म्हणून तो योजनेतही तेवढाच असेल, असे गृहीत धरू नये.

भूखंड सिडकोसारख्या प्राधिकरणाने भाडेपट्ट्याने दिलेला असेल, तर झोन दाखल्यानंतर भाडेपट्ट्याचा दस्त वाचणे आवश्यक आहे. योजनेत अनुज्ञेय असलेला वापर भाडेपट्ट्याच्या अटीत बसत नसेल, तर अट बदलून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मंजूर नकाशा वाचताना

झोन दाखला भूखंडाविषयी बोलतो. गाळ्याविषयी बोलणारा कागद म्हणजे इमारतीचा मंजूर नकाशा, आणि सर्वांत जास्त वेळ त्यालाच द्यावा. जागामालकाकडे तो बहुतेक वेळा नसतो, किंवा विकसकाच्या विक्रीपत्रकातील चित्र ‘नकाशा’ म्हणून दाखवले जाते. पालिकेच्या शिक्क्याची, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि दिनांक असलेली साक्षांकित प्रतच मागावी. मालक देत नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करून ती मागता येते. उत्तरासाठी कायद्याने तीस दिवसांची मुदत दिलेली आहे.

नकाशा उघडल्यावर आपला गाळा शोधावा आणि त्या चौकोनात काय लिहिले आहे ते अक्षरशः वाचावे. तेथे ‘दुकान’, ‘कार्यालय’, ‘साठवण’, ‘वाहनतळ’, ‘सोसायटी कार्यालय’ यांपैकी एखादा शब्द असतो, आणि तोच शब्द त्या जागेचा मंजूर वापर होय. माझ्याकडे एकदा एका अस्थिरोगतज्ज्ञांनी पाहून ठेवलेल्या गाळ्याचे कागद आले होते. जागा रस्त्यालगत, तीन बाजूंनी भिंती, दर्शनी बाजूला शटर, आत फरशी बसवलेली. आधी तेथे कापडाचे दुकान होते. मंजूर नकाशात मात्र त्या ठिकाणी चार खांब, त्यांच्यामध्ये आखलेले दोन आयत आणि प्रत्येक आयतात गाडीचे छोटे चित्र होते. म्हणजे ते खांबांवरचे मोकळे वाहनतळ होते आणि कोणीतरी नंतर भिंती घालून त्याचा गाळा केला होता. अशी जागा दवाखान्यासाठीच काय, कोणत्याही दुकानासाठी मंजूर नसते. इतकेच नव्हे, तर खांबांखालचे मोकळे वाहनतळ स्वतंत्र सदनिकेसारखे विकण्याचा अधिकार विकसकाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केले आहे. डॉक्टरांनी अनामत दिलेली नव्हती, हे त्यांचे नशीब.

गाळ्यातील पोटमाळाही असाच तपासावा. वरची जागा डॉक्टरांची खोली म्हणून आणि खालची प्रतीक्षाकक्ष म्हणून वापरण्याचा मोह होतो, परंतु तो पोटमाळा मंजूर नकाशात दाखवलेला नसेल, तर ते वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे मंजुरीपेक्षा जास्त बांधलेली जागा ठरते. तळघराचा मंजूर वापर बहुतेक व्यापारी इमारतींत वाहनतळ, साठवण किंवा यंत्रसामग्री एवढाच असतो. तेथे रक्त तपासणीची प्रयोगशाळा थाटण्याचा प्रकार सर्रास दिसतो, पण सर्रास दिसणे हा काही परवाना नव्हे.

नकाशासोबत भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधलेली इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी, पाहावे. काही इमारतींना ते अंशतः मिळालेले असते: वरच्या मजल्यांना मिळालेले, तळमजल्याच्या दोन गाळ्यांना राहिलेले. प्रमाणपत्रातील मजल्यांची आणि गाळ्यांची यादी आपल्या गाळ्याच्या क्रमांकाशी ताडून पाहावी. करारनाम्यात ‘दुकान क्रमांक ७’ आणि नकाशात ‘७-अ’ असेल, तर तो फरक आताच लेखी दुरुस्त करून घ्यावा. पुढे जैववैद्यकीय कचऱ्याचे प्राधिकारपत्र, सोनोग्राफीची नोंदणी, दुकाने अधिनियमाखालची नोंद अशा प्रत्येक कागदावर हाच पत्ता उमटणार असतो, आणि एका अक्षराच्या फरकापायी अर्ज परत येतात.

खाट आली की प्रश्न बदलतो

जागेच्या वापराच्या संदर्भात ‘दवाखाना’ हा शब्द फसवा आहे. बोलताना आपण तपासणीच्या एका खोलीलाही दवाखाना म्हणतो आणि वीस खाटांच्या रुग्णालयालाही. नियम मात्र या दोहोंत काटेकोर भेद करतात, आणि तो भेद खाटेवर ठरतो. राष्ट्रीय इमारत संहितेत डॉक्टरांचे तपासणी कक्ष आणि बाह्यरुग्ण दवाखाने हे कार्यालये, बँका, प्रयोगशाळा यांच्या जोडीने व्यवसायविषयक इमारतींच्या गटात येतात. रुग्णालये मात्र संस्थात्मक इमारतींच्या गटात, म्हणजे जेथे माणसे झोपलेली असतात आणि आग लागल्यास स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकत नाहीत अशा इमारतींच्या रांगेत बसतात. जिन्याची रुंदी, बाहेर पडण्याच्या वाटा, स्ट्रेचर मावणारे उद्वाहन (लिफ्ट), अग्निशमन यंत्रणा आणि वाहनतळ या सगळ्यांच्या अपेक्षा या एका भेदामुळे बदलतात.

त्यामुळे ‘कार्यालय’ किंवा ‘दुकान’ म्हणून मंजूर असलेल्या गाळ्यात केवळ बाह्यरुग्ण तपासणी करायची असेल, तर प्रश्न तुलनेने सोपा आहे. व्यापारी वापराच्या आतच तो वापर बसतो, असे पुष्कळ ठिकाणी मानले जाते. तरीही तोंडी आश्वासनावर विसंबू नये. नियोजन प्राधिकरणाला पत्र देऊन, मंजूर नकाशाचा क्रमांक नमूद करून, या गाळ्यात बाह्यरुग्ण तपासणीचा दवाखाना चालवण्यासाठी वापर बदलाची स्वतंत्र परवानगी लागेल काय, असा सरळ प्रश्न विचारावा आणि लेखी उत्तर घ्यावे. पत्रात खाटांची संख्या ‘शून्य’ अशी स्पष्ट लिहावी आणि क्ष-किरण, सोनोग्राफी, दंतचिकित्सेची खुर्ची, किरकोळ शस्त्रक्रियेची खोली यांपैकी काय असेल तेही लिहावे. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येते, आणि मोघम उत्तर तपासणीच्या दिवशी उपयोगाचे नसते.

रुग्णाला दाखल करून उपचार आणि शुश्रूषा देण्याची सोय करायची असेल, तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालील नोंदणी लागते. ती तीन वर्षांसाठी असते आणि तिच्या अर्जासोबत व्यवहारात इमारतीच्या वापराचा आणि अग्निसुरक्षेचा पुरावा मागितला जातो. येथेच अनेकांची अडचण होते, कारण सहा महिने बाह्यरुग्ण विभाग चालवल्यावर ‘आता दोन खाटा टाकू’ हा निर्णय वैद्यकीय दृष्टीने लहान असला, तरी नियोजनाच्या दृष्टीने मोठा असतो. माझे मत असे की, खाटा टाकण्याचा पुढील दोन-तीन वर्षांत विचार असेल, तर व्यापारी संकुलातील मधला गाळा घेऊच नये. स्वतंत्र प्रवेश, स्वतंत्र जिना आणि रुग्णालय म्हणून मंजूर होऊ शकेल अशी रचना असलेली जागा शोधावी. भाडे अधिक पडेल, परंतु संकुलाच्या सामाईक जिन्याची रुंदी तुमच्या पैशाने वाढवता येत नाही.

सलाइन लावून दोन तास झोपवणे, डायलिसिस, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून संध्याकाळी घरी पाठवणे, हे प्रकार या दोहोंच्या सीमेवर आहेत. येथे स्वतःच अर्थ लावू नये. शुश्रूषागृहांची नोंदणी करणाऱ्या आरोग्य विभागाचे आणि अग्निशमन विभागाचे मत आधी घ्यावे, आणि नियोजन विभागाकडील अर्जात नेमके तेच वर्णन लिहावे. तीन विभागांकडे तीन वेगळी वर्णने गेली, की प्रत्येक जण दुसऱ्याचा कागद पुढे करतो.

वाहनतळ, उतार आणि कचऱ्याची खोली

वाहनतळाची आवश्यकता नियमावलीतील तक्त्यावरून वापराप्रमाणे काढली जाते. दुकान, कार्यालय आणि रुग्णालय यांचे मोजमाप एकाच पद्धतीने होत नाही. वापर बदलताना नव्या वापराला जास्त वाहनतळ लागत असेल, तर ती वाढीव जागा कोठून येणार, याचे उत्तर अर्जदाराने द्यावे लागते. संकुलातील सर्व वाहनतळ आधीच इतर गाळ्यांच्या हिशेबात धरलेले असेल, तर अर्ज बहुधा येथेच अडतो. म्हणून मंजूर नकाशाच्या कडेला छापलेले वाहनतळाचे कोष्टक पाहावे; त्यात आवश्यक संख्या आणि दाखवलेली संख्या शेजारीशेजारी असतात, आणि दोन्हींतील फरक म्हणजे तुमच्या हातातील सवड.

उताराकडे फार उशिरा लक्ष जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक सेवा देणाऱ्या इमारती सुगम्य असणे अपेक्षित आहे, आणि दवाखान्यात तर चाकांच्या खुर्चीवरून येणारा माणूस हा नेहमीचाच. उताराचे प्रमाण एकास बारा धरले जाते. गाळ्याच्या दारात १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असतील, तर एकूण उंची ४५ सेंटीमीटर झाली आणि उताराची लांबी ५.४ मीटर. एवढी लांबी दुकानासमोर सरळ रेषेत क्वचितच मिळते. मग उतार सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, किंवा पदपथावर काढण्याचा विचार सुरू होतो. पदपथावर तो अतिक्रमण ठरतो आणि सामासिक अंतरात काढायचा तर परवानगी आणि इमारतीच्या संस्थेची (सोसायटीची) संमती दोन्ही लागतात. गाळा पाहायला जाताना मोजपट्टी न्यावी, आधी पायऱ्या मोजाव्यात आणि मगच खोल्यांचे स्वप्नरंजन करावे.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ खाटा नसलेल्या दवाखान्यालाही लागू आहेत. अशा दवाखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे एकदाच घ्यावयाचे प्राधिकारपत्र पुरते, पण कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांच्या साधनांत वेगळा ठेवून सामाईक प्रक्रिया केंद्राच्या गाडीकडे द्यावा लागतो, आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. हा नियम जागेच्या नियमांत का आणला, तर त्याला जागा लागते म्हणून. संकुलाच्या सामाईक मार्गिकेत पिवळी पिशवी ठेवली, की शेजारचा गाळेधारक पहिली तक्रार करतो, आणि ती तक्रार रास्त असते. गाळ्याच्या आतच, रुग्णांच्या वाटेपासून दूर, बंद दाराची छोटी जागा आराखड्यात आधीच धरावी. प्रयोगशाळा असेल, तर तेथील द्रव कचरा निर्जंतुक केल्याविना सांडपाण्याच्या वाहिनीत सोडता येत नाही, म्हणून त्या वाहिनीची वाट कोणाच्या छतातून जाते, हेही पाहून ठेवावे.

अग्निसुरक्षेचे थोडक्यात सांगायचे तर, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे ही जबाबदारी मालक आणि भोगवटादार दोघांवर येते. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. संकुलाचे मागील दोन वर्षांचे असे दाखले पाहायला मागावेत. ते नसतील, तर इमारतीचा कारभार कसा चालतो याचा अंदाज तेवढ्यानेच येतो.

यंत्रे आणि औषधांचे दुकान

सोनोग्राफी यंत्राची नोंदणी गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली त्या जागेशी बांधलेली असते. यंत्र उचलून शेजारच्या गाळ्यात नेणे हाही कळवण्याचा विषय आहे. क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि खोलीच्या भिंती किरण अडवतील इतक्या जाड असाव्या लागतात. वरच्या मजल्यावर अशी जाड भिंत उभारली, की तिचे वजन स्लॅबवर येते. त्यामुळे संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय हे काम करू नये आणि कोणताही कंत्राटदार ‘काही होत नाही’ म्हणाला तरी ऐकू नये. दवाखान्याच्याच एका कोपऱ्यात औषधांचे दुकान काढायचे असेल, तर किरकोळ विक्रीच्या परवान्यासाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते, हे लक्षात ठेवून मगच गाळ्याचे विभाजन ठरवावे.

संस्थेची संमती आणि करारनामा

पालिकेची परवानगी आणि संस्थेची संमती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असे होत नाही. इमारत सहकारी संस्थेची असेल, तर उपविधी आणि सर्वसाधारण सभेचे ठराव पाहावेत. इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली असेल, तर घोषणापत्र वाचावे, कारण प्रत्येक गाळा कोणत्या प्रयोजनासाठी आहे आणि त्याच्या वापरावर कोणती बंधने आहेत, हे त्या घोषणापत्रातच नोंदवलेले असते. अनेक संकुलांत ‘उपाहारगृह, मद्यविक्री आणि रुग्णालय वगळून’ असे शब्द आढळतात. येथे ‘रुग्णालय’ या शब्दात बाह्यरुग्ण दवाखाना येतो का, यावर वाद घालण्यापेक्षा संस्थेकडून तेवढ्यापुरता खुलासा लेखी घेणे शहाणपणाचे.

भाड्याने घ्यायचे असेल, तर करारनाम्यातील प्रयोजनाच्या कलमात ‘व्यापारी वापर’ एवढेच लिहू देऊ नये. ‘बाह्यरुग्ण तपासणीचा वैद्यकीय दवाखाना’ असे स्पष्ट लिहावे. अनुज्ञप्तीचा (लिव्ह अँड लायसन्सचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे बंधनकारक आहे आणि त्याची जबाबदारी मालकावर आहे. आणखी एक अट आग्रहाने घालावी: वापराची परवानगी नाकारली गेल्यास अनामत रक्कम पूर्ण परत मिळेल आणि परवानगी मिळेपर्यंतच्या काळाचे भाडे माफ किंवा निम्मे असेल. मालक ही अट ऐकून एकदम ‘नाही’ म्हणाला, तर त्याला जागेविषयी काहीतरी ठाऊक आहे, असे मी समजतो.

वापर बदलाचा अर्ज

परवानगी लागते असे उत्तर आले, तर परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ खाली अर्ज करावा लागतो (पुढील कलमेही त्याच अधिनियमातील आहेत). सोबत मालकीचा पुरावा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, प्रस्तावित रचनेचा नकाशा, संस्थेची संमती आणि गरजेप्रमाणे संरचना स्थैर्याचे प्रमाणपत्र जोडले जाते. प्रस्तावित नकाशात अस्तित्वातील काम काळ्या रेषांत, नवे काम लाल रंगात आणि पाडायचे काम पिवळ्या रंगात दाखवण्याची रीत आहे. आपल्या वास्तुविशारदाने काय मागितले आहे, हे डॉक्टरांनी या रंगांवरून स्वतः समजून घ्यावे. वापर बदलासाठी कलम १२४अ खाली विकास शुल्क आकारले जाऊ शकते, तेव्हा खर्चाच्या अंदाजात त्याची तरतूद ठेवावी.

प्राधिकरणाने साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते, अशी तरतूद कलम ४५ मध्ये आहे. तिचा आधार घेऊन काम सुरू करण्याची घाई करू नये, कारण प्रस्ताव नियमांशी तंतोतंत जुळणारा असेल तरच ती तरतूद कामी येते आणि तो जुळतो की नाही हा वाद नंतर उकरला जातोच. अर्ज नाकारला गेला किंवा न पटणाऱ्या अटी घातल्या गेल्या, तर कलम ४७ प्रमाणे चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. नकाराचे पत्र हातात पडल्याचा दिनांक लिफाफ्यावरच लिहून ठेवावा.

दवाखाना आधीच चालू असेल तर

काही वाचकांचा दवाखाना चार-पाच वर्षे चालू असेल आणि हे वाचताना प्रथमच मंजूर नकाशाची आठवण झाली असेल. त्यांनी आधी नकाशाची प्रत काढावी, मग वास्तुविशारदाला दाखवावी आणि त्यानंतरच पालिकेला पत्र लिहावे. परवानगीविना वापर चालू ठेवल्यास नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षे कारावास आणि दोन ते पाच हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. दंडाची रक्कम पाहून हसू येईल, पण कारावासाचा उल्लेख आणि दवाखाना बंद होण्याची शक्यता यांत हसण्यासारखे काही नाही.

कलम ५३ खाली असा वापर थांबवण्याची नोटीस आली, तर ती टेबलाच्या खणात ठेवू नये. नोटिशीत दिलेल्या मुदतीतच कलम ४४ प्रमाणे तो वापर कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. मुदत उलटल्यावर केलेल्या अर्जाला हे संरक्षण मिळत नाही. अर्जाची पोच, त्यावरील शिक्का आणि दिनांक यांची प्रत दवाखान्यातच ठेवावी, कारण पथक येते तेव्हा वास्तुविशारद दुसऱ्या कामावर असतो आणि दारात स्वागतकक्षातील कर्मचारी एकटीच उभी असते.

झोन दाखला, भाग नकाशा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, प्राधिकरणाचे लेखी उत्तर आणि संस्थेची संमती हे सहा कागद एका फाइलीत ठेवावेत. सोनोग्राफीची नोंदणी पाच वर्षांनी नव्याने करताना, शेजारचा गाळा जोडून घेताना किंवा दवाखाना दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवताना यांतलेच कागद पुन्हा मागितले जातात, आणि तोवर इमारतीचा विकसक फोन उचलेनासा झालेला असतो.